पाणी पहाटे साडेचारला, मग झोपायचं कधी?

झोपेवर पत्रं पाठवा म्हटलं आणि टपालाचा ढीग लागला. निम्मी पत्रं रात्री दोन-अडीचच्या सुमारास लिहिलेली, असं अक्षरावरूनच कळतं. लालबाग-परळ भागात माझा दवाखाना आहे. समोरच्या बाकावर बसलेल्यांची पहिली तक्रार गुडघ्याची असते, नाहीतर ॲसिडिटीची. उठता उठता हळूच म्हणतात, "आणि डॉक्टर, झोप लागत नाही हो."

झोपेवरचे सल्ले वाचले की मला हसू येतं. म्हणे शयनकक्ष फक्त झोपण्यासाठी ठेवा. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं, तिथेच ओटा, देव्हारा, कपाट आणि टीव्ही. कक्ष काढायचा कुठून? खालची उत्तरं मुंबईतल्या घरांत बसतील एवढं बघूनच लिहिली आहेत.

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. माझं वय ५८. चिंचपोकळीला चाळीत राहते. खोली एकच, पोटमाळ्यावर मुलगा-सून झोपतात. दोन वर्षांपूर्वी सासूबाई आजारी होत्या, रात्रीतून तीनचारदा उठून त्यांचं करावं लागे. त्या गेल्या, पण माझी झोप काही परत आली नाही. रात्री दहाला आडवी होते ती एक वाजेपर्यंत टक्क जागी. ह्यांचं घोरणं ऐकत कुशी बदलत राहते. साडेचारला पाणी येतं म्हणून उठावंच लागतं. सव्वापाचपर्यंत पिंपं भरून झाली की परत पडते, ती साडेसातपर्यंत. डबे सून करते, बिचारी कधी बोलत नाही. दुपारी दोन ते चार पडते तेव्हा मात्र डोळा लागतो. चहा चारदा होतो, शेवटचा संध्याकाळी सहाला. झोपण्याआधी मशेरी लावते, तेवढंच एक व्यसन. सगळे म्हणतात विचार करू नकोस. झोप का येत नाही, हाच तर विचार असतो. एखादी साधी गोळी सुचवा.
(एक वाचक, चिंचपोकळी)

उत्तर : ताई, गोळीचं नंतर बघू, आधी हिशोब करू. रात्री दहा ते साडेचार म्हणजे साडेसहा तास. सव्वापाच ते साडेसात, सव्वादोन तास. दुपारचे दोन. दिवसाकाठी पावणेअकरा तास तुम्ही अंथरुणावर असता. आता त्यातली झोप मोजा. एक ते साडेचार साडेतीन तास, पाणी भरल्यावर दीडेक तास, दुपारी तासभर. झाले की सहा तास! म्हणजे झोप गेलेली नाही, तिचे तीन तुकडे झालेत. उरलेले पावणेपाच तास तुम्ही नुसत्या पडून, स्वतःवर चिडून काढता.

सासूबाईंच्या आजारपणात झोप मोडली हे साहजिकच होतं. तेव्हा दुपारी भरपाई करणंही गरजेचं होतं. पण आजारपण संपलं आणि भरपाई चालूच राहिली. आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे छान मांडून ठेवलंय : निद्रानाश सुरू होतो एका कारणाने आणि मुक्काम ठोकतो दुसऱ्याच कारणाने. मुक्कामाला मदत करतो आपणच. आज तरी लागेल म्हणून लवकर आडवं व्हायचं, रात्री लागली नाही म्हणून सकाळी लोळायचं, तेही पुरलं नाही म्हणून दुपारी पडायचं.

यामागची गोष्ट अशी. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते जितकं साठेल तितकी झोपेची ओढ वाढते, आणि झोप काढली की ते उतरतं. दुपारी चारला झोपून उठलेल्या बाईने रात्री दहाला झोपेची वाट बघायची, म्हणजे पाचला पोटभर मिसळ खाऊन आठला भूक का नाही म्हणून विचारायचं. चहातलं कॅफीन नेमकी या ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं आणि पाचेक तासांनीसुद्धा त्यातलं निम्मं अंगात असतं. तेव्हा शेवटचा चहा दुपारी तीनला. मशेरीतलं निकोटीन हेही उत्तेजकच. ती सोडाच, तोंडाच्या कॅन्सरसाठी मी ते एरवीही सांगितलं असतंच. पण एकदम जमत नसेल तर पहिली रात्रीची सोडा.

आता उपाय. तुमच्या बाजूने दोन गोष्टी आहेत, त्या फ्लॅटवाल्यांकडे नसतात.

पहिली म्हणजे महापालिकेचं पाणी. झोपायची वेळ कुणालाच ठरवता येत नाही, उठायची ठरवता येते. तुमची तर पालिकेनेच ठरवून दिलीय. साडेचार म्हणजे साडेचार, रविवारी आणि सणावारीही. पाणी भरलं की परत पडायचं नाही. चहा घ्या, देवपूजा करा, उजाडलं की खाली उतरून भाजी आणायला चालत जा. डोळ्यांत शिरणारा सकाळचा उजेड हाच मेंदूतल्या घड्याळाची किल्ली असतो. सकाळी लवकर उजेड दिसला की रात्री झोपही वेळेवर येते.

दुसरी गोष्ट म्हणजे वळकटी. रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली एक पद्धत सांगितली, ती आजही जगभर वापरतात. अंथरुणावर रोज तास-दोन तास जागं पडून राहिलं की मेंदू अंथरूण आणि जागरण यांची गाठ मारून टाकतो. टीव्हीसमोर पेंगणारं माणूस गादीला पाठ टेकताच टक्क जागं होतं ते यामुळेच. म्हणून झोप डोळ्यांवर आली तरच आडवं व्हायचं आणि वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. दुसरी खोली नाही ना? नसू दे. पलंग चोवीस तास मांडलेला असतो, गादी गुंडाळता येते. या चाळींत एकेकाळी एकाच खोलीत गिरणीच्या पाळीप्रमाणे माणसं आळीपाळीने झोपायची. रात्रपाळीवाला घरी यायच्या आत दिवसपाळीवाल्याची वळकटी भिंतीला लागलेली असे. तुम्हीही तेच करा. साडेचारला उठल्यावर गादी गुंडाळायची ती रात्री अकराला उलगडायची. दुपारी अगदीच डोळे मिटायला लागले तर खुर्चीत वीस मिनिटं, तीही तीनच्या आत.

अकराच का? साडेपाच तास मिळतात म्हणून. तुमची खरी झोप साधारण तेवढीच आहे, तेवढाच वेळ तिला द्यायचा. म्हणजे ती पसरत नाही, घट्ट होते. याला झोपेचा वेळ आखडणं म्हणतात. हेही स्पीलमनचंच, १९८७ सालचं. मध्येच जाग आली आणि परत लागेना, तर गॅलरीत स्टुलावर जाऊन बसा. फोन घरातच राहू दे. वाती वळा, त्याला दिवा लागत नाही. डोळे जड झाले की आत या. रात्री किती वाजले हे मात्र बघायचं नाही. घड्याळ भिंतीवर समोरच असेल तर उलटं करून ठेवा.

पहिला आठवडा वाईट जाईल, आधीच सांगून ठेवते. साडेआठच्या मालिकेसमोर पेंग येईल. तिथे दहा मिनिटं डोकं कललं की रात्रीची झोप उधळली, तेव्हा सुनेला हलवायला सांगा. पिंपं भरताना स्टुलावर चढत असाल तर या आठवड्यात ते काम मुलाने करावं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी अंदाजाने दोन आकडे लिहा : किती वाजता लागली, मध्ये किती वेळ जागी होते. आठवडाभर बहुतेक सगळा वेळ झोपेत गेला असेल तर गादी पाऊण तासाने नव्हे, पाव तासाने अलीकडे घाला. मग पुन्हा आठवडा थांबा. असं करत दहा-सव्वादहापर्यंत याल. दीड-दोन महिने धरून चाला.

या सगळ्याला मिळून सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे सवयी आणि विचार बदलून निद्रानाशावर करायचा उपचार. तीन महिन्यांहून जुना आणि आठवड्यातून तीन रात्री तरी छळणारा निद्रानाश असेल तर आधी ही पद्धत, गोळ्या नंतर, असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय. मात्र ज्यांना फिट्स येतात, ज्यांना बायपोलर आजार आहे, जे गाडी किंवा मशीन चालवतात, त्यांनी वेळ आखडण्याचा प्रयोग डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नये.

आणि एक. सासूबाई गेल्यापासून कशातच मन लागत नाही, जेवण जात नाही, पहाटे जाग येते ती उदासवाणी, असं काही असेल तर नुसतं झोपेचं वेळापत्रक पुरणार नाही. केईएमची मानसोपचार ओपीडी तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तेही नको असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

प्रश्न : स. न. वि. वि. वय ७३, बँकेतून निवृत्त. अँजिओप्लास्टीनंतर झोपेसाठी अल्प्राझोलाम ०.२५ची एक गोळी रात्री सुरू झाली, ती अनेक वर्षे चालू आहे. ओळखीचा केमिस्ट जुन्या चिठ्ठीवर देतो. मध्यंतरी मनाने बंद केली तर तिसऱ्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही आणि हात थरथरले. नऊला झोपतो, साडेतीनला जाग येते ती येतेच. लघवीलाही दोनदा उठावे लागते. सौ.लाही अधूनमधून अर्धी देतो, तिला गुण येतो. गोळी जन्मभर घ्यावी काय?
(एक ज्येष्ठ नागरिक, विलेपार्ले)

उत्तर : काका, आधी सौ.ची अर्धी गोळी. ती आजपासून बंद. त्यांना तपासल्याशिवाय ही गोळी द्यायचा अधिकार मलाही नाही, मग तुम्हाला कुठून?

हात थरथरले तो गोळी सोडल्याचा परिणाम होता. झोप लागली नाही तीही त्यामुळेच. त्यावरून "गोळीशिवाय मला झोपच येत नाही" असा निष्कर्ष तुम्ही काढलात आणि पुन्हा सुरू केलीत. सगळ्यांचं असंच होतं. या जातीची गोळी कधीही एकदम तोडायची नसते, क्वचित फिटसुद्धा येते. डॉक्टरच्या देखरेखीखाली दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी उतरवायची, एका वेळी चतुर्थांशाहून जास्त नाही, आणि शेवटचा तुकडा सगळ्यात सावकाश. प्रत्येक पायरीला दोन-चार रात्री खराब जातात, मग बसतं.

उतरवावी हे मात्र नक्की. साठी-सत्तरीनंतर या गोळीने पडणं वाढतं, विसरभोळेपणा वाढतो. तुम्ही गोळी घेऊन रात्रीतून दोनदा उठता. बाथरूमची फरशी ओली, दिवा लावायचा कंटाळा, आणि खुब्याचं हाड. एवढ्या एका वाक्यात मी पाहिलेल्या कितीतरी केसेस येतात. तुमच्यासारख्याच जुन्या गोळीवाल्या ज्येष्ठांना कॅनडातल्या संशोधकांनी गोळीचे धोके आणि उतरवण्याची रीत सांगणारी छापील पुस्तिका दिली होती. २०१४ साली निकाल छापून आला. सहा महिन्यांत त्यांच्यातल्या २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली, पुस्तिका न मिळालेल्यांत ५ टक्क्यांनी. बँकेतल्या माणसाला आकडे पटतात म्हणून सांगितलं.

तुमच्या केमिस्टला माझा निरोप द्या. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहे. २०१४ पासून अशा औषधांसाठी डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपावी लागते. ओळख त्या वहीत बसत नाही.

राहिली साडेतीनची जाग. नऊ ते साडेतीन, साडेसहा तास झाले. तुमच्या वयाला ही काही फार कमी झोप नाही, फक्त तिची वेळ अलीकडे सरकलीय. म्हातारपणी मेंदूतलं घड्याळ पुढे धावतं, त्यात काही गैर नाही. संध्याकाळी ऊन असेपर्यंत बागेत बसा, जेवणानंतर पेंगू नका, साडेदहाच्या आत अंथरूण धरू नका. मग साडेतीनचे पाच होतील. ब्लडप्रेशरसाठी पाण्याची गोळी चालू असेल आणि ती संध्याकाळी घेत असाल तर सकाळी घेतलेली चालेल का, हे डॉक्टरना विचारा. प्रोस्टेट आणि साखर तपासून घ्या. आणि बाथरूमपर्यंत एक छोटा दिवा रात्रभर चालू राहू दे. वीजबिलाचं बघू नका.

प्रश्न : माझे मिस्टर टेम्पो चालवतात. वय ४६, वजन ९८. एवढे घोरतात की बाजूच्या खोलीतले भिंतीवर थाप मारतात. मध्येच घोरणं थांबतं, सगळं शांत, आणि मग गुदमरल्यासारखे दचकून उठतात. सकाळी डोकं दुखतं. परवा सिग्नलला उभे असताना डोळा लागला, मागच्यांनी हॉर्न वाजवले. ते म्हणतात दमतो म्हणून गाढ झोपतो. रात्री एक पेग घेतात झोपेसाठी. खरं काय?
(एक गृहिणी, भांडुप)

उत्तर : वहिनी, हे गाढ झोपणं नव्हे. तुम्ही लिहिलेली प्रत्येक ओळ स्लीप ॲप्नियाकडे बोट दाखवते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला क्षणभर उठवतो. हे रात्रभर, तासातासाला कितीतरी वेळा. सकाळी त्यांना त्यातलं काहीच आठवत नाही. म्हणून तुमची साक्ष महत्त्वाची. रात्री त्यांच्या घोरण्याचा, मधल्या शांततेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ फोनवर काढा आणि या आठवड्यात छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरना दाखवा. ते स्लीप स्टडी करायला सांगतील. त्यात झोपेतला श्वास, प्राणवायू, हृदयाचे ठोके रात्रभर नोंदले जातात. निदान पक्कं झालं तर सीपॅप नावाचं मशीन मास्कमधून हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवतं. ब्लडप्रेशर लगेच मोजून घ्या, या आजारात ते बहुधा वाढलेलं असतं. वजन उतरलं तर बराच फरक पडतो.

पेग बंद. दारूने घसा आणखी सैल पडतो. झोपेची गोळी तर अजिबात देऊ नका. आणि तपासणी होईपर्यंत टेम्पोवर दुसरा ड्रायव्हर. रोजी बुडेल, मला कळतं. पण सिग्नलला डोळा लागला तसा घाटात लागला तर काय, हे त्यांना तुम्हीच विचारा. माझं नाव सांगून विचारलंत तरी चालेल.

चिंचपोकळीच्या ताईंनीही हे उत्तर वाचावं, त्यांच्याही घरात घोरणं आहे.

प्रश्न : मॅम, मी २७, डोंबिवली. अंधेरीला ऑफिस. पाचला उठतो, घरी यायला साडेनऊ. जेवण होईपर्यंत साडेदहा, मग स्वतःचा असा वेळ तोच, एक वाजेपर्यंत फोन. रविवारी अकराला उठतो. माझं घड्याळ सांगतं की डीप स्लीप फक्त ४२ मिनिटं आहे. काल ३१ होती. टेन्शन आलंय. मेलाटोनिनच्या गोळ्या घेऊ का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तुला निद्रानाश नाही रे. तुला झोप येते, तू तिला चार तासच देतोस. मोठ्या माणसाला सात तास तरी लागतात, मेलाटोनिन घेऊन ते चाराचे सात होत नाहीत.

घड्याळाबद्दल. मनगटावरचं यंत्र हालचाल आणि नाडी बघून झोपेच्या टप्प्यांचा अंदाज बांधतं. खरे टप्पे डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरींवरून मोजतात. ४२ आणि ३१ मधला फरक हा अंदाजातला फरक असू शकतो. या आकड्यांच्या धसक्याने झोप उडवून घेणाऱ्यांचं वर्णन संशोधकांनी २०१७ मध्येच करून ठेवलंय. महिनाभर रात्री घड्याळ काढून ठेव.

रात्रीचा स्वतःचा वेळ मी हिरावून घेणार नाही. दिवसभर साहेबाचा आणि रेल्वेचा असलेल्या माणसाला तो हवाच. पण अडीच तासांचा एक कर. फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात लाव, पाचच्या गजरासाठी साधं घड्याळ आण. रविवारी अकरापर्यंत लोळलास की मेंदूतलं घड्याळ मागे पडतं, मग रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवारी पाचला जीव जातो. रविवारी साडेसहाला उठ आणि हवं तर दुपारी अर्धा तास झोप.

राहिली लोकल. सकाळी बसायला मिळत असेल तर घाटकोपरपर्यंत खुशाल झोप, ती रात्रीच्या झोपेतच जमा. उलटं कल्याणला जाऊन बसून येणारी मंडळी असतात, त्यांनाही माझी हरकत नाही. त्यात जाणारा वेळ घरी झोपून मिळाला असता, एवढंच. संध्याकाळच्या गाडीत मात्र झोपायचं नाही. साडेआठला ठाण्याजवळ काढलेली अर्ध्या तासाची झोप रात्री साडेअकराला नडते.

प्रश्न : वय ३८, शिक्षिका, बोरिवली. रात्री पडलं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळतं. मुंग्या नाहीत, दुखतही नाही, पण पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चालले की बरं वाटतं, पडले की परत. दिवसा काही नसतं. पाळीला रक्तस्राव खूप होतो. नवरा म्हणतो मनाचे खेळ आहेत.
(एक वाचक)

उत्तर : नवऱ्याला सांगा, याला नाव आहे : रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम. पडल्यावर सुरू होणं, संध्याकाळी-रात्री वाढणं, हलवल्यावर शमणं, तुम्ही पाठ्यपुस्तकातलं वर्णन केलंय. अंगातलं लोह कमी असलं की हा त्रास होतो किंवा बळावतो, आणि तुमचं लोह कुठे जातंय ते तुम्हीच लिहिलंय. नुसतं हिमोग्लोबिन करून थांबू नका. ते बरं दिसलं तरी लोहाचा साठा रिकामा असू शकतो. फेरिटिनची तपासणी करा. या आजारात ते ७५च्या खाली असेल तरी लोह देतात, लॅबच्या कागदावर "नॉर्मल" छापलेलं असलं तरी. तो कागद आणि हे पत्र घेऊन डॉक्टरकडे जा. रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही. सर्दीच्या, ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनी हा त्रास वाढतो, त्या टाळा.

प्रश्न : आमच्या इमारतीसमोर लग्नाचा हॉल आहे. डीजे बाराला बंद होतो. तक्रार केली की "आमचंही एकदाच लग्न होतं" म्हणतात. काय करावं?
(एक त्रस्त, गोरेगाव)

उत्तर : त्यांचं एकदाच होतं, हॉलमध्ये रोज होतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद हवा, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देतं, ती सणउत्सवांसाठी, लग्नांसाठी नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी ११२ लावा, आणि एकट्याने नको, चार घरांतून लावा. जाग आली नाही तरी आवाजाने झोपेत नाडी वाढते, त्यामुळे "सवय होते" यावर विश्वास ठेवू नका. तोवर कानात फोमचे बोळे घाला, नीट वळून आत सरकवले तरच काम करतात, नुसते टेकवून उपयोग नाही. आणि पंखा थोडा आवाज करणारा असेल तर दुरुस्त करू नका.

प्रश्न : जायफळ, खसखशीची खीर, तळपायाला काशाची वाटी. आमच्या आईचे उपाय. यात तथ्य आहे का?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : वाटीत आहे. झोप लागायला शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि ती उष्णता हातापायांच्या कातडीवाटे बाहेर पडते. पाय उबदार असले की झोप लवकर लागते, असं स्विस संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं. तूप लावून वाटीने तळपाय घासले की रक्त तिथे धावतं, म्हणजे तेच काम. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर जोरात घासू नये, जखम कळत नाही. वाटी नसेल तर झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करा, मुंबईच्या उकाड्यातही.

खीर पोटभर खाऊ नका, वाटीभर चालेल. जायफळ दुधात चिमूटभर, सहाणेवर दोन वेढे. गुण येत नाही म्हणून चमचाभर पूड टाकणारे माझ्याकडे उलट्या, छातीत धडधड आणि भास घेऊन येतात. आणि वाटी दोघांनी आलटून पालटून घासा, नाहीतर आई झोपते आणि मुलगी जागी राहते.